तार आणि तारतम्य

'तारतम्य' या शब्दाचा तारेशी काही संबंध नाही, हे वर्गातल्या मुलांना दर वर्षी एकदा तरी सांगावे लागते. तो 'तर' आणि 'तम' या संस्कृत प्रत्ययांपासून आला: लघुतर, लघुतम; श्रेष्ठतर, श्रेष्ठतम. दोहोंत किंवा अनेकांत डावे-उजवे ठरवण्याची जी बुद्धी, ते तारतम्य. सतारीतली 'तार' फारसीकडून आली, आणि तार सप्तकातला 'तार' संस्कृत, उंच आणि तीक्ष्ण स्वराचा. वेगवेगळ्या कुळांतली माणसे एका वाड्यात बिऱ्हाड करून राहावीत, तसे हे शब्द मराठीत एकमेकांशेजारी राहतात. गेले काही महिने ते आमच्या घरातही तसेच राहत आहेत. आम्ही दोघांनी गाणे ऐकण्याच्या आपल्या यंत्रासाठी स्पीकरच्या तारा घरच्या घरी, स्वस्तात, तयार केल्या. आणि त्या निमित्ताने तर-तम भावाचा असा काही प्रश्न पुढे येऊन बसला, की जो साहित्य शिकवणाऱ्याला रोज भेटतो, पण इतक्या उघडपणे क्वचितच भेटतो.

या पानांवर समीक्षेचे लेख येतात. तिथे पक्कड, डाख आणि तांब्याच्या तारा कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. आधी तारांविषयी.

स्पीकरच्या तारेचे काम साधे आहे. ॲम्प्लिफायरमधून निघालेला प्रवाह स्पीकरपर्यंत पोचवायचा, परत आणायचा, आणि वाटेत शक्य तितके कमी खायचे. हमालाकडून आपण याहून वेगळी अपेक्षा करत नाही. तार जे खाते ते तीन गुणांमुळे: रोध, प्रवर्तकता आणि धारिता. यांतील शेवटच्या दोहोंना लांब पल्ल्यावर भलतेच महत्त्व येते. १८५८ साली अटलांटिक समुद्राच्या तळाशी पहिली तार टाकली गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे सोळा तास लागले, आणि ती तार तीन-एक आठवड्यांत मुकी झाली. तारेमध्ये सिग्नलचे काय होते याचे शास्त्र विल्यम थॉमसन यांनी (म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी) मांडले ते याच खटाटोपात. आपल्याकडे 'तार आली' या दोन शब्दांनी घराचा ठोका चुकत असे. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली, आणि हा वाक्प्रयोग आता फक्त कथा-कादंबऱ्यांत उरला आहे. पण अटलांटिकची तार हजारो किलोमीटरची होती. आमच्या बैठकीच्या खोलीतली चार मीटरची आहे. चार मीटरवर कानाला ऐकू येईल असा फरक करू शकणारी गोष्ट प्रायः एकच उरते, आणि ती म्हणजे रोध.

रोधाचा हिशेब शाळकरी आहे. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे सात मिलिओहम. चार मीटर जाणे आणि चार मीटर येणे, म्हणजे आठ मीटरला सुमारे छप्पन्न मिलिओहम. स्पीकर आठ ओहमचा धरला तर हा रोध त्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. आवाजात त्याने पडणारी घट एका डेसिबलच्या दशांशाहूनही कमी. तारेचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा एक सावध नियम या विषयातले अभियंते सांगत आले आहेत. त्या नियमात ही तार ऐसपैस बसते.

उलट, स्वस्त संचांबरोबर खोक्यात जी लाल-काळी, शेवयांसारखी बारीक तार येते, तिचे पाहा. तिची जाडी पुष्कळदा पाव चौरस मिलिमीटरच्याही आत. तेवढ्याच अंतराला तिचा रोध ओहमच्या दोन तृतीयांशापर्यंत जातो. आता स्पीकर 'आठ ओहमचा' असतो हे बोलण्यापुरते. प्रत्यक्षात तो एका स्वराला चार ओहमचा असतो, दुसऱ्याला वीस ओहमचा. बारीक तार या दोन्ही ठिकाणी सारखे खात नाही: जिथे स्पीकरचा रोध कमी तिथे ती जास्त खाते, जास्त तिथे कमी. त्यामुळे काही स्वर इतरांच्या तुलनेत जवळजवळ एक डेसिबलने खाली बसतात, आणि आवाजाची घडण खरोखर बदलते. तेव्हा 'तारेने काही फरक पडत नाही' असे जे ठणकावून सांगतात तेही बरोबर नाहीत. फरक पडतो, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा फार अलीकडे, फार स्वस्तात संपते, एवढेच.

पुण्यात अशी खरेदी तपकीर गल्लीत. बुधवार पेठेतल्या या बोळात दिव्यांच्या माळांपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सारे मिळते, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या मागणीमागचा हेतू दोन वाक्यांत काढून घेतो. "अडीच एमएम? लाल-काळी? गिझर लावायचाय का सर?" आम्ही स्पीकरसाठी म्हटल्यावर त्याने आमच्याकडे जरा करुणेने पाहिले. "मग दीड पण चालंल की. उगं पैसे कशाला घालवता?" त्याचे म्हणणे रास्त होते; चार मीटरला दीडही पुरते. पण आम्ही अडीचच घेतली. त्या वायरीत ०.३ मिलिमीटरचे छत्तीस धागे असतात, ती हाताला मऊ लागते, आणि फरक दीडशे-दोनशे रुपयांचा. नव्वद मीटरचे अख्खे वेटोळे न घेता सुटी वायर मापून मिळाली. बनाना पिना आठ, थोडी हीट-श्रिंक नळी. सारे मिळून नऊशे रुपयांच्या आत. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याशेजारी दुसरा आकडा येणार आहे.

तार करणे म्हणजे मुख्यतः पीळ देणे. लाल आणि काळी वायर शेजारी-शेजारी धरून खिडकीच्या गजाला एक टोक बांधायचे, दुसरे टोक हँड-ड्रिलच्या जबड्यात धरायचे, आणि ताण न सोडता हलके हलके फिरवायचे. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना जितके बिलगून राहतील तितकी प्रवर्तकता कमी. हे शास्त्र झाले. पण करताना मन शास्त्रात राहत नाही. पीळ घालताना वायर आखूड होत जाते, म्हणून आधीच हातभर जास्त कापावी लागते. फार पीळ दिला तर ती जागच्या जागी गाठाळते. सोडताना एकदम सोडली तर सापासारखी उसळते. अंबाडीची दोरी वळणाऱ्या माणसांना हे सारे ठाऊक असते, आणि त्यासाठी मराठीत शब्दही आहेत: पेड, पीळ, आटी, मुरड. आमच्या लक्षात आले, की मूळ इंग्रजी सूचना बाजूला ठेवून हे शब्द एकमेकांना सांगू लागल्यावर कामातला घोटाळा बराच कमी झाला. "अजून चार आटे दे" हे कळायला सोपे आहे.

याच तारेचा एक षोकीन प्रकार आहे. संगणकाच्या जाळ्यासाठी जी कॅट-फाइव्ह वायर वापरतात, तिच्यात चार जोड्या, म्हणजे आठ बारीक तारा असतात. अशा तीन वायरी घेऊन त्यांची तिपेडी वेणी घालायची, रंगीत बारा तारा एकत्र करून धन, पांढऱ्या पट्ट्याच्या बारा एकत्र करून ऋण. बारा बारीक तारांची जाडी पुन्हा साधारण अडीच चौरस मिलिमीटरच भरते, म्हणजे आपण लांबच्या वाटेने गिझरच्या वायरीपाशीच येतो. एका तारेची अठ्ठेचाळीस टोके सोलायची, दोन तारांची शहाण्णव. वेणी दिसायला सुरेख होते. मात्र तारा इतक्या लगटून बसल्या की धारिता वाढते, आणि काही ॲम्प्लिफायरांना ती सोसत नाही; ते तापतात, कधी बिघडतातही. ज्याला वेळ आहे, आणि ज्याचा ॲम्प्लिफायर सोशीक आहे, त्याने करून पाहावे. आम्ही एक जोडी केली. दोन रविवार गेले.

टोकांना डाख देणे हा या कामातला सर्वांत सुखाचा भाग. कथील वितळताना राळेचा जो धूर येतो त्याला देवळातल्या धुपाची दूरची आठवण असते, आणि ते उगाच नाही; ही राळ पाइन वृक्षाच्या डिंकापासूनच होते. सारंगिये आणि व्हायोलिनवादक गजाला जी राळ लावतात ती हीच. गज तारेवर घसरू नये म्हणून तिथे, आणि कथील तांब्याला धरावे म्हणून इथे. (राळ डोळ्यांना आणि छातीला बरी नव्हे, खिडकी उघडी ठेवावी.) कथील तापवू नये, तांबे तापवावे, तांबे पुरेसे तापले की कथील आपण होऊन आत ओढले जाते. पिनेला स्क्रू असेल तर मात्र डाख देऊच नये. मऊ कथील स्क्रूखाली हळूहळू बसते आणि जोड ढिला होतो. तिथे उघडे तांबेच आवळावे. एक धागाही बाहेर राहून शेजाऱ्याला शिवता कामा नये. लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरला उलटी गेली तर दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलू लागतात, डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज हवेतच विरतो, आणि गायक खोलीत नेमका कुठे बसला आहे ते सांगता येत नाही.

आता दुसरा आकडा. आमचे एक जुने स्नेही आहेत. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, गाण्याचे खरे कानसेन, ज्यांच्या संग्रहावर आम्ही दोघे वाढलो असे म्हटले तरी चालेल. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम हाती आली तेव्हा त्यांनी स्पीकरच्या तारांची एक परदेशी जोडी आणली. चाळीस हजार रुपये. मनगटाएवढी जाड नसली तरी अंगठ्याहून जाड. वर विणलेली निळसर जाळी, टोकांना सोन्याचा मुलामा, आणि प्रवाह कोणत्या दिशेने जावा हे दाखवणारा बाण. (स्पीकरमधला प्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलतो, बाण कोणासाठी आहे हे आम्हांस उमगलेले नाही.) त्यांनी ती आम्हाला ऐकवली, आणि म्हणाले, "पडदा दूर झाल्यासारखं वाटतंय, बघा. आधी बाई पडद्यामागून गात होत्या."

हे वाक्य त्यांचे होते आणि नव्हतेही. ध्वनियंत्रांच्या परीक्षणांत पडदे फार दूर होतात. तिथले आवाज ऊबदार असतात, हवेशीर असतात, काळ्याभोर शांततेतून उमटतात. तिथला खर्ज घट्ट असतो आणि वरचे स्वर रेशमी. आम्ही या परीक्षणांची टवाळी करायला बसलो नाही, कारण वाचता वाचता आम्हांस त्यांत आपलीच भाषा दिसू लागली. 'या संग्रहातील कविता अनुभवाच्या गाभ्याला भिडते', 'भाषेला एक आतला ताल आहे', 'मौनाच्या अवकाशातून शब्द उमटतात'. गेल्या तीस वर्षांतल्या नियतकालिकांचे कोणतेही चार अंक काढा. आम्ही हे लिहिले आहे, आमचे विद्यार्थी आमच्या टिपणांतून ते उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि आम्ही त्यांना गुण देतो. रूपकांवाचून ऐकण्याविषयी बोलता येत नाही, वाचण्याविषयीही नाही. रूपक हा गुन्हा नव्हे. पण रूपक ज्या वस्तूला लावले ती वस्तू काढून घेऊन तिच्या जागी दुसरीच ठेवली, आणि तरी रूपक जसेच्या तसे उभे राहिले, तर मग ते कशाविषयी होते?

आय. ए. रिचर्ड्स यांनी नेमके हेच केले होते. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कविता दिल्या त्या कवीचे नाव, काळ, सगळे काढून टाकून. आणि मुलांनी जे अभिप्राय लिहून आणले ते पुढे १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात विश्लेषणासह छापले. तेरा कविता. डन होता, हॉपकिन्स होता, लाँगफेलो होता, आणि आज कोणी वाचत नाही असेही होते. नाव निघून गेल्यावर चांगल्या विद्यापीठातली चांगली मुले डनला नाके मुरडतात आणि सुमार कवितेवर लुब्ध होतात, हे पाहून इंग्रजी विभागांचे शिकवणेच बदलले. आपल्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात हा ग्रंथ वर्षानुवर्षे आहे. 'ठरीव प्रतिसाद' हा त्यातला मुद्दा परीक्षेत हमखास येतो. त्या प्रयोगाला आता शंभर वर्षे होत आली, आणि आमच्या घरात तो कवितेऐवजी तारांवर करायचे ठरले तेव्हा त्याला स्नेह्यांनीच आनंदाने होकार दिला. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांना शंका नव्हती.

तारांवर असे प्रयोग पूर्वी झालेले आहेत. ऑगस्ट १९८३ च्या अमेरिकन 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांचा अहवाल आला: बारीक २४ गेजची तार ओळखू येते, पण संगीत लावले असता साधी १६ गेजची तार आणि नामांकित जाड तार यांत श्रोत्यांना फरक करता आला नाही. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी सात हजारांहून अधिक डॉलर किमतीची एक तार साध्या तारेपासून कानाने वेगळी ओळखणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती परीक्षा शेवटी झालीच नाही. आम्ही हे स्नेह्यांना सांगितले नाही. सांगणे म्हणजे कवितेखाली नाव लिहिण्यासारखे झाले असते.

पद्धत अशी. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरांच्या मागच्या बाजूवर जुनी चादर टाकली. आमच्यापैकी एक मागे. तो प्रत्येक वेळी नाणे उडवून तार लावी किंवा नुसतीच काढून पुन्हा तीच लावी, बोलत नसे. दुसरा स्नेह्यांशेजारी, पाठ वळवून. आवाजाची कळ एका खुणेवर चिकटवलेली, कारण रेसभर मोठा आवाज माणसाला नेहमीच 'चांगला' वाटतो. सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजानेही सोळांत आठ बरोबर येणारच. बारा किंवा अधिक आल्या तर तो योगायोग म्हणता येत नाही, तसे घडण्याची शक्यता शंभरात चाराहूनही कमी. किशोरीताईंचा भूप लावला होता. स्नेह्यांनी डोळे मिटून, प्रत्येक फेरीला एक-दोन शब्द लिहिले. सोळांपैकी नऊ बरोबर. आमच्यापैकी जो ऐकत होता त्याच्या सात.

त्यांनी कागद आमच्याकडून घेतला आणि स्वतः पुन्हा मोजला. तिसऱ्या फेरीला त्यांनी 'पडदा नाही' असे लिहिले होते. तेव्हा गिझरची वायर लावलेली होती. चहा झाला. त्या संध्याकाळी ते लवकर गेले, आणि पुढचे दोन रविवार आले नाहीत. आम्हांस वाटले, चाळीस हजारांचे वाईट वाटले असेल, किंवा आमचे. तसे नव्हते. तिसऱ्या रविवारी ते आले आणि बसण्यापूर्वीच म्हणाले, "तुम्ही काय सिद्ध केलंत ते मला कळत नाही. तारांत फरक नाही हे, की माझ्या कानात आता काही उरलं नाही हे?"

या प्रश्नाला उत्तर आमच्या त्या प्रयोगात नव्हते. सत्तरीच्या माणसाला वरच्या पट्टीतले स्वर कमी ऐकू येतात, हे वैद्यकाने सांगितलेले सत्य आहे. त्यांना ते ठाऊक होते, आणि गेले वर्षभर जवळ असलेल्या माणसांचे शब्द त्यांना दोनदा विचारावे लागत होते, हेही आमच्या लक्षात आलेले होते. ज्याने आयुष्यभर गाणे ऐकले, ज्याची घरातली, मित्रांतली सारी पत ऐकण्याची आहे, त्याला नऊ हा आकडा काय सांगत असेल? रिचर्ड्सच्या ग्रंथात मुलांचे अभिप्राय आहेत. ते परत वाचून त्या मुलांना काय वाटले याविषयी तिथे फारसे नाही. आमच्याही वर्गात निनावी कविता हाती दिल्यावर मागच्या बाकावरची एखादी मुलगी नंतर येऊन विचारते, "मॅडम, त्या कवितेत काही नव्हतं का, की मला कळलं नाही?" दरवेळी त्या मुलीला आपण काहीतरी उत्तेजनपर बोलतो. स्नेह्यांना तसे बोलणे शक्य नव्हते. खोट्या उत्तेजनाचा वास त्यांना दुरून आला असता.

म्हणून तिसरी तार काढली. जुन्या संचाच्या खोक्यात राहिलेली ती शेवयांसारखी लाल-काळी वायर. तीच चादर, तेच नाणे, सोळा फेऱ्या. एका बाजूला ही बारीक तार, दुसऱ्या बाजूला आमची पिळाची. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की आज दोन वेगळ्या तारा आहेत. या खेपेस गाणे न लावता फक्त तंबोरा लावला. तंबोरा निवडला त्याला कारण आहे. मिरजेच्या कारागिरांकडे (त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) ज्याने जवारी काढताना पाहिली आहे त्याला ठाऊक असते, की घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा केसभर सरकवला की सारा आवाज फुलतो, आणि केसभर जास्त सरकला की मिटतो. तिथे तारेचे, दोऱ्याचे, बोटाचे सगळे ऐकू येते, कारण तिथे तार स्वतः गात असते. अशा अखंड, स्वरकणांनी भरलेल्या आवाजात घडणीचा थोडाही फरक लपत नाही.

तेरा. सोळांपैकी तेरा बरोबर. शिवाय शेऱ्यांत पडदा, हवा, रेशीम यांतले काही नव्हते. 'पहिल्या तारेत पंचम मागे पडतो.' 'इथे खर्ज भरून येत नाही.' 'आवाज किंचित लहान.' हे तिन्ही शेरे मापून पाहता येतात, आणि आधी सांगितलेल्या हिशेबाशी जुळतात. आमच्यापैकी जो ऐकत होता त्याच्या अकरा. सत्तरीच्या कानाने पन्नाशीच्या कानाला दोनाने मागे टाकले. यावर बारीक वायरीचे काम संपले; ती आता कुंडीतल्या मनीप्लँटला बांधली आहे.

अभिनवगुप्ताने सहृदयाचे वर्णन करताना म्हटले आहे, की काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय. तेरा बरोबर येतात त्या याच आरशामुळे. वयाने काचेची कड थोडी धुरकटली तरी मधली जागा घासून घासून लखलखीत झालेली असते. पण जिथे दाखवण्यासारखे काही नाहीच, तिथे आरसा काय दाखवणार? तो पाहणाऱ्यालाच दाखवतो. नऊ बरोबर आलेल्या त्या संध्याकाळी स्नेह्यांनी जे लिहिले होते ते खोटे नव्हते. ती त्या माणसाची इच्छा होती, आनंद होता, वेतन आयोगाचा फरक होता.

यावरून कविता निनावीच वाचाव्यात असा निष्कर्ष काढायला आम्ही तयार नाही, आणि इथे रिचर्ड्स यांच्याशी आमचे थोडे बिनसते. अभंगाचेच घ्या. नाममुद्रा हा अभंगाचा भाग आहे. ती शेवटच्या चरणात येते आणि आधीच्या साऱ्या चरणांना उलटा उजेड देते. तिथे नाव काढायचे म्हणजे कविता कापायची. कोण बोलतो आहे, कोठून, कोणत्या संकटातून, हे कवितेच्या अंगात मुरलेले असते, आणि ते कळल्यावर कविता बदलते. ती फसवणूक नव्हे. तारेच्या बाबतीत असे काही नाही. जाळीचा निळा रंग, सोन्याचा मुलामा, किमतीची चिठ्ठी हे प्रवाहात उतरत नाहीत. तार जितकी उत्तम तितकी ती नसल्यासारखी असली पाहिजे. वर्गातली खरी अडचण अशी, की एखाद्या कवीच्या नावाचा कोणता भाग नाममुद्रेसारखा कवितेत उतरला आहे, आणि कोणता निळ्या जाळीसारखा नुसता वरून विणलेला आहे, हे चादर टाकून ठरत नाही. तिथे एकेक ओळ घेऊन बसावे लागते. पुरस्कार, प्रकाशन संस्था, मलपृष्ठावरचा मजकूर एवढे तरी निळ्या जाळीत टाकायला हरकत नसावी. असो.

स्नेह्यांनी त्यांच्या तारा विकल्या नाहीत. त्या अजून तिथेच आहेत, आणि छान दिसतात. कानाच्या डॉक्टरांकडे मात्र ते जाऊन आले. वरच्या पट्टीत ऐकू येणे उतरले आहे, यंत्राची घाई नाही, असे निघाले. गेल्या महिन्यात त्यांची मुलगी नाशिकला नव्या घरात गेली तेव्हा त्यांनी आमच्याकडे तिच्यासाठी एक जोडी मागितली. "गिझरवाली," ते म्हणाले, "पण पीळ नीट द्या." मापेही त्यांनीच आणली होती: डावा स्पीकर पाच मीटरवर, उजवा तीनवर. आम्ही पाच आणि तीन अशा कापायला निघालो तर त्यांनी हात धरला. दोन्ही सारख्याच हव्यात म्हणाले. दोन मीटरच्या फरकाने उजवीकडचा आवाज सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाइतका आधी पोचेल, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आम्ही दोन्ही पाचाच्या कापल्या, आणि पिळासाठी वर हातभर.